दुसऱ्या टबाची रेष

गेल्या वर्षी जूनमधल्या एका सोमवारी दुपारी माझ्या बायकोचा, सुनंदाचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचला आणि रक्ताचा कर्करोग आहे असं सांगितलं. गुरुवारपासून उपचार सुरू करायचं ठरलं. आम्ही घरी आलो. सुनंदा पाणी प्यायली. मग तिने मुल्लानपूरच्या शेतकरी गुरमेल सिंगांना फोन लावला आणि विचारलं, "पनीरी कितने दिन की हुई?"

पनीरी म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं. इतकी वर्षं चंडीगढमध्ये राहूनही हा शब्द माझ्या तोंडी बसला नव्हता. आता बसला आहे. यंदा पंधरवड्यापूर्वी गुरमेल सिंगांचा फोन आला तो माझ्या नावाने. "बाबूजी, पनीरी तैयार हो रही है. दस दिन और, बस." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अमलतास फुलला होता. आमच्याकडे याला बहावा म्हणतात. या शहरात झाडंसुद्धा रांगेत फुलतात. मी खुर्चीत बसून राहिलो. मांडीवरचं पुस्तक त्याच पानावर उघडं होतं. संध्याकाळपर्यंत ते त्याच पानावर होतं.

मी ग्रंथपाल होतो. बुरशी हा माझा शत्रू होता. पावसाळ्याच्या दिवसांत जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी साय धरते, मग ती करडी होते, मग अक्षरं जातात. ती पुसणं, कपाटांतून हवा खेळवणं, आजारी पुस्तकं वेगळी ठेवणं यात माझी नोकरी गेली. सुनंदाची नोकरी बुरशी वाढवण्यात गेली. ती विद्यापीठात वनस्पतींचे रोग शिकवायची आणि मातीतल्या रोगांवर मातीतलेच जीव सोडायची. घरात एकाच विषयाची दोन मतं होती आणि दोघांनाही आपापल्या मताचा पगार मिळत होता. "तुम्ही मारा, मी वाढवते," असं ती म्हणायची. "बघू कोण आधी थकते."

तिच्या शेवटच्या कामाचा रोग भाताचा होता. बासमतीचा. इकडे त्याला झंडा रोग म्हणतात. जमिनीतून आणि बियाण्यातून येणारी एक बुरशी रोपाच्या आत शिरते आणि रोप एकाएकी उंच वाढू लागतं. फिकट, बारीक, बाकीच्या शेताच्या वर डोकं काढून झेंड्यासारखं उभं राहतं. अनोळखी माणसाला वाटावं, हेच रोप सगळ्यात चांगलं. पंधरा-वीस दिवसांत ते वाळतं. मी पहिल्यांदा असं शेत पाहिलं तेव्हा बांधावरून म्हणालो होतो, "ती बघ, ती कशी तरारली आहेत." सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चप्पल काढून चिखलात उतरली. जी रोपं मला आवडली होती ती तिने एकेक करून उपटली.

त्यावर तिच्याजवळ एक हिरवी बुरशी होती. तिचं शास्त्रीय नाव मोठं आहे. घरात आम्ही तिला नुसतं हिरवी म्हणायचो. ती सुनंदाने गुरमेल सिंगांच्याच शेताच्या एका कोपऱ्यातून मिळवली होती, जिथे कधी झंडे उभे राहत नसत. "तिथे कोणीतरी पहारा देत असलं पाहिजे," एवढ्या तर्कावर तिने ती माती प्रयोगशाळेत आणली आणि पहारेकरी शोधून काढला. ही हिरवी मुळाभोवती लवकर पसरते, रोगाच्या बुरशीला जागा ठेवत नाही, अन्न ठेवत नाही, आणि गाठ पडलीच तर तिच्याभोवती वेटोळं घालून तिलाच खाते. लावणीआधी रोपांची मुळं हिरवीच्या पाण्यात सहा तास बुडवायची, एवढाच विधी.

गुरमेल सिंगांना हे पटायला दोन हंगाम लागले. "मैडम जी, सारी उम्र फंगस मारने की दवाई डाली. अब आप कहती हो फंगस डालो." आणि सहा तास ऐकल्यावर तर ते हसतच सुटले. "छह घंटे? ओ जी, दुल्हन भी इतनी देर मेहंदी में नहीं बैठती!"

"दुल्हन एक दिन के लिए बैठती है," सुनंदा म्हणाली. "इनको चार महीने खड़े रहना है."

हिरवी वाढायची ती ज्वारीवर. अकोल्याहून तिचा भाऊ भाकरीसाठी ज्वारी पाठवायचा. तिच्यातली निम्मी भाकरीला आणि निम्मी बुरशीला. कुकरमध्ये शिजवायची, पिशव्यांत भरायची, त्यात हिरवीचं बी सोडायचं आणि मागच्या खोलीत ठेवायची. सात-आठ दिवसांत पांढरे दाणे शेवाळासारखे हिरवे होत. त्या सोमवारी मागच्या खोलीत अशा बावीस पिशव्या होत्या. गुरमेल सिंगांनी पहिल्यांदाच एक पूर्ण एकर तिच्या भरवशावर सोडला होता. कुठलीही दवा न घालता.

गुरुवारी वॉर्डात जी डॉक्टर भेटली ती सांगलीची निघाली. मराठी ऐकून तिचा चेहरा खुलला, पण सूचना देताना तो पुन्हा मिटला. "काकू, या उपचारात प्रतिकारशक्ती जवळजवळ संपते. मातीत हात नाही. कुंड्या घराबाहेर. शिळं नाही, न सोललेलं फळ नाही. बुरशी म्हणून काही घरात नको."

"अवं बाई, तू मले बुरशी शिकवून राहिली?" सुनंदा म्हणाली. थकली किंवा चिडली की ती थेट अकोल्याला जायची. "पन्नास जणींना मी नावानिशी ओळखते."

"काकू, आता त्याही तुम्हाला ओळखतील. म्हणूनच सांगते."

सुनंदाने तिच्याकडे नीट पाहिलं. त्या डॉक्टरच्या बोलण्यात तिला विद्यार्थिनी दिसली असावी, बरोबर उत्तर देणारी.

घर मी आधीच रिकामं करायला घेतलं होतं. बावीस पिशव्या मी गाडीत भरल्या त्या सोमवारीच, रिपोर्ट आल्या दिवशी. ती दारात उभी राहून बघत होती. मी त्या ज्या घाईने उचलत होतो ते तिला आवडलं नाही. "हळू," ती म्हणाली. "जिवंत आहेत त्या." पिशव्या गुरमेल सिंगांच्या ट्यूबवेलच्या खोलीत गेल्या.

तेव्हापासून माझ्यावर दोन कामं आली आणि ती एकमेकांच्या विरुद्ध होती. घरात बुरशी येऊ द्यायची नाही. शेतात बुरशी पोहोचवायची. दोन्हींच्या मधे मी एकटाच ये-जा करणारा होतो. आमची मुलगी मनू गुडगावला नोकरीला. ती शनिवार-रविवारी यायची आणि रोज फोन करायची. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

मी पांढऱ्या बाटलीतलं क्लोरीन आणलं. निळं झाकण होतं तिला. एका बादलीला एक झाकण. फरशी, दाराच्या कड्या, भाजी, ताटं, नळाच्या तोट्या, माझे हात. कूलर बंद केला. बेडरूमच्या खिडकीच्या फटींवर रुंद टेप लावली, कारण समोरच्या सेक्टरात रस्ता खोदत होते. मी चांगलं काम करत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुनंदाला माझ्या बाजूने लढावं लागत होतं. "काहून इतकं चकचकीत करून राहिले तुम्ही?" ती म्हणायची. "घर आहे का ताम्हण?"

जुलैत लावणीचा दिवस आला. सुनंदाला ताप नव्हता, पण रक्ताचे आकडे तळाला होते. पहाटेच मला तिने वहीतून सगळं सांगितलं. तिच्याकडे प्रत्येक हंगामाची एक वही असे. त्या वहीचा एक नियम होता. चूक झाली की ती ज्याने केली त्याने स्वतःच्या हाताने लिहायची. खोडायची नाही. तिचे विद्यार्थी या वहीला घाबरायचे. पानोपानी त्यांची कबुली होती: तापमान बघायला विसरलो, लेबलं बदलली, झाकण उघडं राहिलं. त्यात सुनंदाच्याही ओळी होत्या.

ट्यूबवेलच्या हौदाजवळ कडुलिंबाखाली मी दोन निळे टब मांडले. पाणी भरलं, वाटलेली हिरवी घातली, पाणी शेवाळी झालं. पहिल्या टबात गुरमेल सिंगांनी रोपांच्या जुड्या मुळांवर उभ्या केल्या. दुसरा टब भरत असताना मनूचा फोन आला. "बाबा, आई ने कुछ खाया? सच बताना." मी तिला सकाळचं सांगत होतो, दोन चमचे वरणभात, अर्धं केळं. ती रडायला लागली. मी फोन कानाशी धरून तिला समजावत पाणी भरत होतो. फोन ठेवला तेव्हा दुसरा टबही तयार होता. जुड्या आत गेल्या. मला क्लोरीनचा वास आला. माझ्या हातांना तो गेले तीन आठवडे येतच होता.

सहा तासांनी लावणी झाली. पहिल्या टबाची रोपं बांधाकडच्या अर्ध्या एकरात, दुसऱ्याची सफेद्याच्या, म्हणजे निलगिरीच्या झाडांकडे. मी संध्याकाळी घरी आलो. बूट जिन्याखाली, कपडे बाहेरच बादलीत, आंघोळ, मग आत. कपड्यांची बादली नळाखाली लावली. पाणी अर्ध्यावर आलं आणि माझा हात आपोआप पिशवीतल्या बाटलीकडे गेला, निळं झाकण फिरवलं, भरलं, ओतलं. मी ते पाहिलं. माझाच हात होता. मी काहीही ठरवलं नव्हतं.

बाटली सकाळपासून पिशवीत होती. शेतातून निघताना हात धुवायला म्हणून मी ती नेली होती. सकाळी ती भरलेली होती. आता तिच्यात दोन झाकणांपेक्षा जास्त कमी होतं.

सुनंदाने आतून हाक मारली, "झालं का हो नीट?"

"झालं," मी म्हणालो.

खोटं बोलण्याची मला सवय नाही. पुस्तकांच्या जगात ती लागत नाही. पण तिचे आकडे तळाला होते, आणि मला वाटलं, आज नको. दुसऱ्या दिवशीही वाटलं, आज नको. मग त्याचा महिना झाला. मी आठवड्यातून एकदा शेतात जात होतो. सफेद्यांकडच्या बाजूला चालताना माझी मान आपोआप खाली जायची. हिरवंगार, एकसारखं शेत. मी मनात म्हणत होतो, कदाचित बाटलीतलं सांडलं असेल. कदाचित हिरवी तेवढ्याने मेली नसेल. शेताच्या पलीकडे नव्या वसाहतीचे मनोरे उठत होते. वारा आला की त्यांची धूळ भातावर बसायची. ती माझ्या केसांत बसली असेल या विचाराने मी घरी येऊन तीन-तीनदा डोकं धुवायचो.

ऑगस्टमध्ये गुरमेल सिंगांचा फोन आला. आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. "बाबूजी, झंडे खड़े हो गए."

बांधाकडच्या अर्ध्यात सात होते. मी मोजले. सफेद्यांकडे दोनशेपर्यंत मोजून थांबलो. मधे कुणी दोरी लावून आखावी तशी हद्द होती. अलीकडे सपाट, पलीकडे फिकट उंच शेंडे, वाऱ्यात डुलणारे. गुरमेल सिंग खांद्यावरच्या उपरण्याने तोंड पुसत होते. "मैडम को मत बताना," ते म्हणाले. "कह देना सब ठीक है. इत्ती बात तो हम झूठ बोल ही सकते हैं, है ना?"

त्यांना वाटत होतं, ते मला नवीन काही सुचवत आहेत.

पण फोटो तिला आधीच गेले होते. गुरमेल सिंगांच्या सुनेने सकाळीच पाठवले होते, नेहमीप्रमाणे. मी शेतातून निघायच्या आत सुनंदाचा फोन आला. "एक झंडा घेऊन या. मुळासकट. फोटोत मले पेरं दिसत नाहीत."

"घरात नाही आणणार."

"घरात कोण म्हणते? खिडकीबाहेर उभे राहा."

मी दोन पारदर्शक पिशव्यांत बांधून एक रोप आणलं. आमचं घर तळमजल्यावर आहे. मी मागच्या अंगणात बेडरूमच्या खिडकीबाहेर उभा राहिलो, ती आत, काचेपलीकडे, मास्क लावून. डोक्यावर केस नव्हते. आम्ही फोनवर बोलत होतो, हातभर अंतरावरून.

"खालचं पेर दाखवा. फिरवा. पांढरट गुलाबी भुकटी आहे?"

"आहे."

"वरच्या पेरांना मुळं फुटली?"

"फुटली."

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने मोबाइल कानावरून काढला, त्याच्यातला फोटो काचेला लावून माझ्यासमोर धरला, आणि परत कानाला लावला.

"अहो, रोग कधी सरळ रेषेत येत नाही. सरळ रेष माणूस ओढतो. दुसऱ्या टबात काय टाकलं तुम्ही?"

मी सांगितलं. निळं झाकण, मनूचा फोन, कपड्यांची बादली, सगळं. रोप माझ्या हातात होतं. ती चिडेल असं मला वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मी त्या शेतात रिकामा पट्टा सोडायला पाहिजे होता," ती म्हणाली. "बिनहिरवीचा. तुलना करायला. तो नसला तर प्रयोग अर्धा. पण त्या माणसानं एकर दिला होता, माझी हिंमत नाही झाली. तुम्ही सोडला." मग म्हणाली, "वहीत लिहा. तुमच्या अक्षरात. आणि पलीकडचे झंडे आजच उपटून जाळायला सांगा. गुरमेलजींना मी सांगते काय झालं ते."

तिने सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मग गुरमेल सिंग म्हणाले, "मैडम जी, मतलब आधा खेत बाबूजी ने नहला दिया?" आणि ते हसले. तीही हसली. हसताना तिला खोकला आला. मी खिडकीबाहेर उभा राहून तो मोजला. चार वेळा.

सप्टेंबरमध्ये तिला ताप आला आणि उतरला नाही. छातीच्या फोटोत डाग दिसला. सांगलीच्या डॉक्टरने मला बाहेर बोलावलं. "काका, फुप्फुसात बुरशी आहे. काकूंची हिरवी नाही ही. दुसरी आहे."

मी विचारलं, माझ्या कपड्यांवरून आली असेल का. शेतातून, बांधकामाच्या धुळीतून, त्या रोपावरून. तिने मान हलवली. "ही सगळीकडे असते काका. हवेत, धुळीत, भिंतीत. कुठून आली ते कुणी सांगू शकत नाही."

"मी बूट बाहेर काढत होतो," मी म्हणालो.

"हो काका."

त्या दिवसांत मी आंघोळीला घरी आलो असताना खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातली टेप सुटलेली पाहिली. बोटभर. मी लावली तेव्हा घट्ट होती हे मला पक्कं आठवत होतं. मग आठवेनासं झालं. झंडा हातात घेऊन मी नेमका त्या कोपऱ्याशी उभा होतो. पिशव्या दोन होत्या. गाठी दोन होत्या. पेर दाखवताना मी बाहेरची एक सोडली होती का? आजही रोप फिरवण्याचा तो क्षण मी हाताने करून बघतो आणि गाठ मला दिसत नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, लोंब्या भरत असताना, सुनंदा गेली. मनू आणि मी होतो. गुरमेल सिंग बाहेर व्हरांड्यात पगडी नीट करत बसले होते. त्यांनी आणलेली एक लोंबी आत नेता आली नाही. ती त्यांच्या खिशात राहिली.

वही मी हिवाळ्यात उघडली. चंडीगढचं धुकं असं असतं की पाच-पाच दिवस अंगण दिसत नाही. तसे दिवस होते. ऑगस्टच्या पानावर माझं अक्षर होतं: दुसऱ्या टबात क्लोरीन टाकलं, एक किंवा दोन झाकणं, नक्की आठवत नाही. खाली सुनंदाचं अक्षर होतं, थरथरलेलं, तारीख त्याच दिवसाची.

"खिडकीची टेप खालच्या कोपऱ्यात मी काढली. यांनी घट्ट लावली होती. मातीचा वास घ्यायचा होता. आला. साधारण दोन मिनिटं. चूक माझी."

मी ते पान कितीदा वाचलं ते सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाली होती, कुणी सांगू शकत नाही. ते खरंच आहे, या ओळींनीही ते बदलत नाही. दोन मिनिटांत काही आलं असेल किंवा नसेल. आधीच आलेलं असेल. पण ती काचेपलीकडे उभी होती, माझी चूक माझ्याच तोंडून काढत होती, आणि त्याच वेळी तिचं बोट टेपच्या कोपऱ्यावर होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. खाली बघितलं नाही. ती मला जितकी ओळखत होती तितकी मी तिला ओळखत नव्हतो. मी पुढे स्वतःला काय विचारत बसणार हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने ते लिहून ठेवलं, जिथे मी कधीतरी बघणारच होतो. मला तिचा राग आला. अजून येतो, एखाद्या दुपारी, अमलतासाखालून चालताना. मग तो वास आठवतो, उपटलेल्या रोपाच्या मुळांना चिकटलेल्या ओल्या चिखलाचा. तीस वर्षं रोज घेतलेला आणि जूनपासून बंद झालेला. तिच्या जागी मी असतो तर टेप काढली नसती, कारण मी घाबरट आहे.

काल यंदाची लावणी झाली. मनू आली होती. तिने पँट दुमडली, चिखलात उतरली आणि म्हणाली, "बाबा, ये तो ठंडा है यार." ज्वारी अकोल्याहून आली होती, कुकरमध्ये मीच शिजवली. दोन टब, कडुलिंबाची सावली, सहा तास. गुरमेल सिंगांनी माझी पिशवी उघडून आत पाहिलं. "चेकिंग है बाबूजी. नहाने का सामान तो नहीं लाए?" बांधाशी त्यांनी चार हात रुंद पट्टा रिकामा सोडला होता. बिनहिरवीचा. मी सांगितलं नव्हतं. "मैडम होतीं तो माँगतीं," ते म्हणाले.

घरी आल्यावर मी बूट जिन्याखालीच काढले, सवयीने. मग आठवलं की आता गरज नाही. तसेच राहू दिले.

विद्यापीठातल्या तिच्या विभागाच्या फ्रीजमधल्या हिरवीच्या सहा नळ्या मला मिळाल्या होत्या. दर काही महिन्यांनी हिरवी नव्या नळीत घालावी लागते, नाहीतर ती मरते. मला ते उशिरा कळलं. आता तीन जिवंत आहेत. त्या आमच्या फ्रीजमध्ये, दह्याच्या शेजारी आहेत. तिच्या शेवटच्या हंगामाच्या वहीत अजून अकरा पानं कोरी आहेत. कालची नोंद मी तिच्यातच केली.